टेस्टिंग मेन्यू: आई-बाबांना न्यायचं असेल तर

एका ताईंनी विचारलं आहे: डिसेंबरमध्ये आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत. धाकट्या भावाने इंदूरच्याच एका मोठ्या हॉटेलात नऊ पदार्थांच्या टेस्टिंग मेन्यूचं, म्हणजे शेफनेच ठरवलेल्या छोट्या छोट्या ताटल्या एकामागून एक येतात त्या जेवणाचं, बुकिंग करून टाकलंय. बाबा म्हणतात, चमचा-चमचा खाऊन कुणाचं पोट भरलंय, आणि तीन तास टेबलाशी बसायचं कशाला? त्यांना मधुमेह आहे, जेवणाआधी इन्सुलिन घेतात. आई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही, शिवाय मार्गशीर्षातले गुरुवार धरते. न्यावं की बुकिंग रद्द करावं?

ताई, न्या. पण नुसतं बुकिंग झालं म्हणून जाऊ नका. मी रामबागेत वाढलो, पुढे दिल्ली आणि मुंबईच्या स्वयंपाकघरांत बरीच वर्षं काढली आणि आता परत इंदूरात अशाच प्रकारचं जेवण लावतो. जी संध्याकाळ बिघडते ती बहुतेक वेळा जेवणाच्या दोन-तीन दिवस आधीच बिघडलेली असते, कारण सांगायचं ते कुणी सांगितलेलं नसतं. साध्या हॉटेलात बसल्यावर बोललं तरी चालतं, ऑर्डर तिथेच ठरते. इथे तुमची ऑर्डर आदल्या दिवशीच शिजायला लागलेली असते.

सगळ्यात आधी बाबांचं इन्सुलिन, कारण ही गोष्ट मजेची नाही. घरी ते टोचून घेतात आणि पंधरा-वीस मिनिटांत पोळीभाजी-भात पोटात जातो. इथे पहिल्या तासात चार ताटल्या येतील आणि त्यांत मिळून एका पोळीइतकंही पिठूळ अन्न नसेल. साखर खाली जाऊ शकते, घाम फुटतो, हात थरथरतात, आणि आजूबाजूच्यांना वाटतं की काकांना एसी सोसला नाही. माझ्या टेबलावर हे घडलेलं मी पाहिलं आहे. तेव्हापासून बुकिंगच्या फोनवरच मधुमेहाबद्दल विचारायची सवय आम्ही लावून घेतली. डोस कधी आणि किती, हे डॉक्टरांनाच विचारा, मी सांगणार नाही. त्यांना फक्त एवढं सांगा की जेवण तीन तास चालणार आहे आणि भात-पोळीचा भाग सुमारे दीड तासाने येणार आहे. हॉटेललाही हे कळवा. आम्ही अशा पाहुण्यांना दुसऱ्याच ताटलीबरोबर छोटी भाकरी किंवा फुलका देतो. खिशात साखर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या असू द्याच.

आता पोट भरण्याचा प्रश्न. तो अगदी रास्त आहे. माझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक ताटली काट्यावर मोजली जाते. पहिल्या चार मिळून जेमतेम १४० ग्रॅम, पाचवी ९०, सहावी १२०, भाताची १३० आणि दोन गोड पदार्थ मिळून ११०. सगळं धरून सहाशे ग्रॅमच्या आसपास. घरी बाबा दोन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण आणि भात जेवत असतील तर वजन फार वेगळं नाही. फरक कुठे पडतो? भूक सगळ्यात जास्त असते तेव्हा इथे अन्न सगळ्यात कमी येतं. चौथ्या ताटलीपाशी बाबा घड्याळ बघतील आणि तुमच्याकडे बघतील. त्या क्षणी त्यांना ब्रेडची टोपली संपवू देऊ नका. मी असंख्य लोकांना तिथे लोणी लावलेल्या ब्रेडवर पोट भरून घेताना पाहिलं आहे, आणि सहावी ताटली, जिच्यावर दोन दिवस काम झालेलं असतं, ती अर्धी परत येते. दुपारचं जेवण मात्र चुकवायला लावू नका. उपाशीपोटी आलेला माणूस पहिला तास फक्त वाट बघण्यात घालवतो.

पण बाबांचा खरा आक्षेप पोटाचा नसावा असं मला वाटतं. आपल्या ताटात पुढचा घास कोणता, हे जेवणारा ठरवतो. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे भाज्या, मध्ये भाताची मूद. जिलबीचा घास घेतला की मध्येच बटाट्याची भाजी, मग मठ्ठ्याचा घोट. टेस्टिंग मेन्यूत हा हक्क शेफ स्वतःकडे घेतो. आयुष्यभर स्वतःच्या हाताने घास जुळवलेल्या माणसाला हे खटकणारच.

मी अशा काकांना लग्नाच्या पंगतीची आठवण करून देतो. सगळं एकदम वाढलं तरी पंगतीला क्रम होताच. आधी वरणभात-तूप, मग पुरी आणि पक्वान्न, मग मसालेभात, मध्ये मठ्ठा, शेवटी ताकभात आणि विडा. हा क्रम विचारपूर्वक बसलेला आहे. मऊ, सौम्य, तुपाने माखलेला भात रिकाम्या पोटाला तयार करतो. गोड भूक शाबूत असतानाच येतं, म्हणून पाचव्या जिलबीचा आग्रह सोसवतो. मसालेभाताने जीभ पुन्हा जागी होते आणि ताकभात सगळं शांत करतो. टेस्टिंग मेन्यू म्हणजे हीच पंगत, फक्त तीन तासांवर पसरलेली, आणि वाढपी एका वेळी एकच गोष्ट घेऊन येतो. पाश्चात्त्य पद्धतीत गोड शेवटी जातं, तेवढा मोठा फरक.

एकामागून एक ताटल्या आणायची ही रीत फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात रशियन वाढपाच्या पद्धतीवरून रुजली. त्याआधी तिथेही सगळे पदार्थ एकदम मांडले जात. भारतीय जेवणाला ही चौकट ठळकपणे मिळाली ती गेल्या पंधरा-सोळा वर्षांत. दिल्लीत २००९ साली इंडियन अॅक्सेंट हे रेस्टॉरंट सुरू झालं, तिथे शेफ मनीष मेहरोत्रांनी घरगुती आणि रस्त्यावरच्या चवी नव्या रूपात आणल्या. पुढच्याच वर्षी गगन आनंद यांनी बँकॉकमध्ये गगन उघडलं. मुंबईत महालक्ष्मीच्या जुन्या गिरणीच्या आवारात २०१६ साली मास्क नावाचं रेस्टॉरंट आलं, आणि २०२५ मध्ये दुबईच्या ट्रेसिंड स्टुडिओला मिशेलिन या रेस्टॉरंटांना दर्जा देणाऱ्या मार्गदर्शिकेचे सर्वोच्च तीन तारे मिळाले. भारतीय जेवणाच्या रेस्टॉरंटला तीन तारे मिळण्याची ती जगातली पहिली वेळ. शेफ हिमांशु सैनी. आम्हा लोकांच्या स्वयंपाकघरांत त्या दिवशी पेढे वाटले गेले.

तरीही भारतीय जेवण या चौकटीत बसवणं अवघड आहे. नऊ ताटल्या नुसत्या सुंदर असून भागत नाही. पहिली अडचण तिखटाची. मिरचीची जळजळ पाण्याने जात नाही, ती दुधा-दह्याने उतरते, आणि ती घासागणिक साठत जाते. तिसऱ्या ताटलीत झणझणीत काही दिलं तर चौथी, पाचवी, सहावी जीभेला कळतच नाही. म्हणून तिखट मागे ढकलावं लागतं, आणि त्यानंतर ताक, कोशिंबीर किंवा आवळ्याचं काहीतरी द्यावंच लागतं. दुसरी अडचण गार होण्याची. कढईभर आमटी वीस मिनिटं गरम राहते, दोन चमचे आमटी पासवरून, म्हणजे स्वयंपाकघरातून ताटल्या बाहेर जातात त्या कट्ट्यावरून, टेबलापर्यंत जाईतो कोमट होते, आणि कोमट फोडणीत हिंग-जिऱ्याचा वास उरत नाही. चांगल्या ठिकाणी ताटल्या तापवून ठेवतात, आमटी टेबलावर ओततात, फोडणीही समोरच घालतात. लोकांना तो देखावा वाटतो. खरं तर वास वाचवण्याचा तोच एकमेव मार्ग असतो.

तिसरी अडचण मला सगळ्यात जवळची आहे: पदार्थ छोटा केला की त्यातलं काहीतरी हरवतं. बाफल्याचंच घ्या, आमच्या माळव्यातला कणकेचा गोळा. बाफला आधी उकळून मग भाजतात, म्हणून बाटीपेक्षा आतून मऊ असतो आणि तूप पितो. मी तो अक्रोडाएवढा करून पाहिला. साल आणि गाभा यांचं प्रमाण बिघडलं, आतला मऊपणा संपला, हातात खारी बिस्किट उरलं. महिनाभर वेगवेगळी पिठं, वेगवेगळा उकळण्याचा वेळ करून पाहिला, आणि शेवटी लिंबाएवढ्या आकारावर थांबलो. त्याखाली तो बाफला राहत नाही. गराडू या हिवाळी कंदाचं उलट. तो जात्याच घासाघासाने खायचा पदार्थ. आधी मंद तेलात, मग वाढताना कडकडीत तेलात पुन्हा तळला, वर जिरावण हा इंदुरी मसाला आणि लिंबू, की एका तुकड्यातही सराफ्यातला, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातला, गराडू पुरा असतो. भुट्ट्याचा कीस मी छोट्या वाटीत देतो, पण डिसेंबरात नाही. तो पावसाळ्यातल्या कोवळ्या कणसाचा, दुधात शिजलेला पदार्थ आहे, आणि हिवाळ्यात बर्फातल्या दाण्यांचा कीस कुणी दिला तर मला त्या स्वयंपाकघराबद्दल शंका येते. तुमच्या जेवणात गराडू, ताजे मटार, हिरवे हरभरे, गाजर, आवळा दिसायला हवेत. नवव्या ताटलीपर्यंत डिसेंबरचा आणि माळव्याचा पत्ताच लागला नाही, तर बाबांची नाराजी मी समजू शकेन.

इंदूरच्या माणसाला खरं तर हे नवं नाही. सराफ्यात चौघं मिळून जातात तेव्हा प्रत्येक जण आपापली अख्खी प्लेट घेत नाही. एक गराडू, एक दहीवडा, एक साबुदाण्याची खिचडी, प्रत्येकाचे दोन-दोन घास, मग पुढची गाडी. तिथेही क्रम असतो आणि तो घरातला जाणता माणूस ठरवतो. मालपुआ आणि रबडीकडे कधी वळायचं हे त्यालाच कळतं. बाबा तरुणपणी तुम्हाला असेच फिरवत असतील. त्यांना हे सांगून न्या, ते वेगळ्या मनाने बसतील.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. इथल्या पहिल्याच हिवाळ्यात मी सातव्या क्रमांकावर मशरूमची एक ताटली ठेवली होती. फार मेहनतीची, दिल्लीत लोकांनी नावाजलेली. टिळक नगरच्या एक आजी नातवंडांबरोबर आल्या होत्या. ताटली ठेवायला मीच गेलो. त्यांनी प्रेमाने विचारलं, "बाळा, भात कधी वाढणार?" भात नव्हताच. त्यांनी काही तक्रार केली नाही, सगळं नीट संपवलं, पण मला रात्रभर झोप लागली नाही. ज्या घरांत वरणभाताशिवाय जेवण झालं असं कुणी म्हणत नाही, त्या घरांतल्या लोकांना मी भातावाचून उठवलं होतं. दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या जागेवर आंबेमोहोराची मूद आली, वर साधं वरण, समोर कढवलेलं साजूक तूप आणि लिंबाची फोड. शेजारी छोट्या वाटीत ताक. इतक्या वर्षांत सगळ्यात जास्त कौतुक याच ताटलीचं झालं आहे. तुमच्या हॉटेलात अशी ताटली नसेल तर आधी विचारा. एक मूद भात कुणाच्याही स्वयंपाकघरात जड नाही.

धुराबद्दल आणि वाफेबद्दल थोडक्यात. काचेच्या घुमटाखाली धूर भरून आणतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. निखाऱ्यावर तूप सोडून धुंगार देण्याची आपलीच जुनी रीत ती. पण ताटलीतून पांढरी वाफ वाहत असेल तर विचारा, हे लिक्विड नायट्रोजन आहे का? ते उणे १९६ अंशांचं असतं. वाफ पूर्ण थांबेपर्यंत तोंडात काही घालू नका, वाढपी कितीही घाई करो. चमच्यात दह्याचा किंवा पाणीपुरीच्या पाण्याचा गोळा आला तर तो एका घासात तोंडात टाकायचा. वरचा पापुद्रा अगदी पातळ असतो, दातांनी अर्धा तोडला की साडीवर येतो. आईंना हे आधी सांगा.

आईंच्या खाण्याबद्दल "शाकाहारी" एवढा शब्द पुरत नाही. बड्या हॉटेलांत शाकाहारी मेन्यू वेगळा असतो, पण घोळ गोडात होतो. आईस्क्रीमच्या कस्टर्डात, स्पंजमध्ये, मॅकरूनमध्ये अंडं असतं. मूस किंवा जेली जिलेटिनने घट्ट केलेली असू शकते, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. अगर-अगर वापरलं तर प्रश्न येत नाही, ते समुद्री शेवाळाचं. परदेशी परमेसान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं द्रव्य, असतं. हे सगळं बदलता येतं, पण दोन दिवस आधी कळलं तर. कांदा-लसणाचं आणखी कठीण आहे, कारण तो वेगळ्या पदार्थात नसतो, आदल्या दिवशी केलेल्या स्टॉकमध्ये आणि वाटणात असतो. जेवायला बसल्यावर सांगितलं तर शेफ त्या चार ताटल्यांतून रस्साच काढून टाकतो, आणि आईंसमोर कोरड्या भाज्या येतात. त्यात त्याचा दोष नसतो. आधी सांगितलं तर तोच शेफ आलं, हिंग, धने आणि खोबऱ्याचं वाटण घालून तितकीच पूर्ण ताटली करतो.

पेयांचं पेअरिंग, म्हणजे प्रत्येक ताटलीबरोबर जुळणारं पेय, हवं का ते विचारतील. वाईन नको असेल तर बिनदारूचंही असतं: कोकम, काळ्या गाजराची कांजी, मसाल्याचं ताक, आवळा. चांगलं असतं, पण नऊ पेले ८०-९० मिलिलिटरचे धरले तरी पाऊण लिटर होतं आणि पोट तिथेच भरतं. दोघांत एक घ्या. बाबांसाठी साखर कितपत आहे तेही विचारा, कारण सरबतांत ती लपलेली असते.

पैशांचं स्पष्ट बोललेलं बरं. छापलेल्या माणशी दरावर जीएसटी लागतो. स्वतंत्र रेस्टॉरंटला ५ टक्के, पण ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जातं तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के. तुमचं बुकिंग मोठ्या हॉटेलातलं आहे, तेव्हा हा फरक आधीच धरा. सर्व्हिस चार्ज मात्र कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तो बिलात आपोआप लावू नये असं सांगितलं, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. द्यायचा तर मनाने द्या, आणि वाढणाऱ्या मुलांच्या हातात दिलात तर मला जास्त आनंद होईल. तीन तास उभं राहून तुमच्या आई-बाबांचं काय चालतं-काय चालत नाही हे लक्षात ठेवणारी ती मुलं असतात.

वेळ सातची घ्या, साडेआठची नको. साडेआठला बसलं तर भात दहाला येतो, आणि त्या वयात दहाचा भात रात्रभर त्रास देतो. स्वयंपाकघरासमोरच्या काउंटरवर बसवत असतील तर नाही म्हणा. उंच स्टुलावर पाठ टेकायला जागा नसते. पाठीची खुर्ची आणि बाथरूमच्या जवळचं टेबल मागा. जेवणाच्या मध्ये उठून दोन मिनिटं फिरून आलं तरी चालतं, फक्त वाढप्याला सांगून उठा, म्हणजे तो पुढची ताटली रोखतो. काट्या-चमच्यांची चिंता आईंना असेल तर त्यांना सांगा, हाताने खा. भाताच्या मुदीला तर हातच लागतो, आणि आमच्याकडे हाताने जेवणाऱ्या पाहुण्याची ताटली परत येते तेव्हा ती नेहमी स्वच्छ असते.

ताटली ठेवल्यावर वाढपी काय सांगतो ते ऐका, पण समजलं नाही तर सरळ विचारा. आवाज हळू असतो, शब्द इंग्रजी असतात, आणि आपल्या वयस्कर माणसांना मान डोलावण्याची सवय असते. इंदूरच्या बहुतेक हॉटेलांत एखादा तरी मराठी मुलगा वाढपात किंवा किचनमध्ये असतो. बुकिंगच्या वेळीच विनंती करा की शक्य असेल तर तो या टेबलावर असावा. आईंना मराठीत "हा गराडू आहे, वर जिरावण" असं कुणी सांगितलं की अर्धं अवघडलेपण तिथेच जातं.

हॉटेलला हे सगळं मेसेजवर नको, फोनवर बोलून सांगा, आणि शक्यतो दुपारी तीन ते पाचच्या मध्ये, कारण त्या वेळी शेफ स्वतः फोनवर येऊ शकतो. असं सांगा: दोघं साठीच्या पुढचे आहेत, लग्नाचा ४० वा वाढदिवस. आईला अंडं, जिलेटिन आणि प्राण्यांच्या रेनेटचं चीज नको. बाबांना मधुमेह, इन्सुलिनवर, त्यामुळे दुसऱ्या ताटलीबरोबर पोळी किंवा भाकरी हवी आणि पेयांत साखर नको. तिखट मध्यम. गोडाच्या आधी वरणभात मिळेल का? खुर्ची पाठीची, वेळ सातची. समोरचा माणूस हे लिहून घेतोय का ते ऐका आणि एकदा वाचून दाखवायला सांगा. आणि हे सगळं करण्याआधी पंचांग उघडून तारीख बघा. मार्गशीर्षातल्या गुरुवारी येत असेल तर भावाला सांगून बुकिंग शुक्रवारवर ढकला, म्हणजे आई दिवसभराच्या उपासानंतर अनोळखी जागी जेवायला बसणार नाही.